पाव सेकंदाचा मजला

माणूस बदलाने खचत नाही, न सांगता झालेल्या बदलाने खचतो. बालपण जातं, घरं बदलतात, माणसं उठून निघून जातात. हे सगळं डोळ्यांदेखत, क्रमाक्रमाने घडलं तर माणूस सोसतो. पापणी लवायच्या आत घडलं तर मात्र तो जन्मभर त्याच जागी उभा राहून विचारत राहतो, की आत्ता इथे होतं ते गेलं कुठे?

हा विचार एका मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता, सहा माणसांच्या बैठकीत, मोबाइलवरचं एक पान उजवीकडून सरकत यावं म्हणून पाव सेकंद मागताना मांडण्यात आला. मागणी फेटाळली गेली.

मांडणाऱ्या बाईंचं वय सेहेचाळीस. घरी त्या धाकटी. ऑफिसात समोर मॅडम आणि पाठीमागे ‘पाव सेकंद’, कारण ही मागणी त्या तिसऱ्यांदा करत होत्या. कंपनीने एका मोठ्या दवाखान्यासाठी डॉक्टरांच्या वेळा घेण्याचं वेब अॅप बनवलं होतं, आणि त्यातली पानं धाकटीच्या हातची होती.

“मॅडम,” मॅनेजर बाई म्हणाल्या. त्या धाकटीपेक्षा बारा वर्षांनी लहान होत्या आणि आकड्यांशिवाय बोलत नसत. “आपली पानं आता क्षणार्धात बदलतात. सहा महिन्यांपूर्वी तुम्हीच तर हे केलंत. वेगाचं बक्षीसही तुम्हालाच मिळालं.”

बक्षीस म्हणजे काचेचा एक जाड त्रिकोण. धाकटीच्या टेबलावर तो पंख्याखालचे कागद दाबून बसलेला असे.

“मीच केलं म्हणून तर सांगतेय,” धाकटी म्हणाली. “बोट लावलं, पान बदललं. पण बदललं हे कळायला नको का?”

“कुणाला कळत नाही?”

कुणाला कळत नाही ते धाकटीला पक्कं ठाऊक होतं, पण ते नाव बैठकीत घेण्याजोगं नव्हतं. ते तिच्या वडिलांचं होतं.

शेवटी मॅनेजर बाईंना दया आली, किंवा जेवणाची वेळ झाली. “महिन्याने नवी आवृत्ती जातेय. कामाच्या वेळेबाहेर करत असाल तर करा. वेग घसरला तर दुसऱ्या दिवशी काढून टाकीन.”

“चालेल,” धाकटी म्हणाली. महिना म्हणजे चार रविवार, एवढा हिशेब तिने तेवढ्यात करून ठेवला होता.

*

झालं होतं असं. दवाखान्याचं जुनं संकेतस्थळ अत्यंत गचाळ होतं. बटण दाबलं की आख्खं पान पांढरंफटक पडे, एक गोल गरगरत राही, आणि चहा निवेपर्यंत दुसरं पान येई. सगळी दुनिया त्याला शिव्या घालत होती. बाबांचं मात्र त्याच्याशी छान जमलेलं होतं. गोल दिसला की ते चष्मा पुसून घेत, आणि पुसून होईतो पान हजर. दर महिन्याला गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ ते स्वतः घेत, आणि घेतली की फोन करून सांगत, “बारा तारीख, सकाळी दहा. घेतली मी.” शेवटच्या दोन शब्दांत बहात्तर वर्षांचा माणूस अख्खा मावलेला असे.

मग धाकटीने ते संकेतस्थळ मोडून एकपानी अॅप केलं. एकपानी म्हणजे पान एकच. वापरणाऱ्याला वाटतं आपण इकडून तिकडे गेलो, पण तो जागचा हललेलाही नसतो, फक्त त्याच्यासमोरचा मजकूर उचलून दुसरा ठेवलेला असतो. आणि हे इतकं झटकन होतं, की कंपनीत टाळ्या वाजल्या.

त्याच सुमारास बाबांनी ‘पुढचा महिना’ हे बटण दाबलं. त्यांना काही झालेलं दिसलं नाही. महिन्याचे चौकोन होते तसेच होते, वरचं नाव तेवढं बदललं होतं, तेही बारीक अक्षरात. त्यांनी पुन्हा दाबलं. मग बारा तारखेवर बोट ठेवलं, दहाची वेळ घेतली आणि फोन करून सांगितलं, “घेतली मी.”

घेतली होती खरी, पण एक महिना पुढची. बारा तारखेला ते इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात गेले आणि एक वाजेपर्यंत बाकावर बसून राहिले. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, “आजोबा, तुमचं नाव पुढच्या महिन्यात आहे.” बाबा म्हणाले, “तरीच,” आणि घरी आले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी गुडघ्याऐवजी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. कान उत्तम निघाले. तिसऱ्या खेपेला त्यांनी वेळच घेतली नाही, आणि गुडघा सुजून टम्म झाला तेव्हा ही बातमी दादाला कळली.

दादा म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ. तो कारखान्यांचा सुरक्षा तपासनीस होता. बॉयलर, शिड्या, अग्निशामक नळकांडी यांना पास किंवा नापास करणं हा त्याचा धंदा, आणि धंदा त्याच्या अंगात इतका मुरलेला की वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्याही तो अंतर मोजून लावायचा.

“बाबांनी आता एकटं राहायचं नाही,” त्याने फोनवर जाहीर केलं. “माझ्याकडे चौदाव्या मजल्यावर खोली रिकामी आहे.”

“त्यांना विचारलंस का?”

“विचारलं. ते म्हणाले, तुझ्या लिफ्टला माणूस नाही.”

“मग?”

“मग काय मग? हे काय कारण आहे?”

धाकटीच्या मते ते कारण होतं. बाबांनी चौतीस वर्षं एका इस्पितळातली लिफ्ट चालवली होती. दांड्याची, जाळीच्या दाराची. एका खोलीएवढ्या डब्यात उभं राहून त्यांनी बाळंतिणी वर नेल्या, बाळं खाली आणली, आणि कितीतरी माणसांना पांढऱ्या चादरीखाली मुकाट्याने तळघरात पोचवलं. या सगळ्यात मजला पुकारण्याखेरीज बोलायला मिळालेली वाक्यं दोनच: “कुठला मजला?” आणि “सावकाश.” त्यामुळे दादाच्या इमारतीतली गुळगुळीत, बिनआवाजाची, बिनमाणसाची लिफ्ट त्यांना घरात आलेल्या अनोळखी पाहुण्यासारखी वाटे. त्यांचं स्वतःचं घर पहिल्या मजल्यावर होतं. बावीस पायऱ्या. खिडकीशी खुर्ची, खुर्चीशी रेडिओ, आणि जिन्यात भेटणारी सात-आठ माणसं, ज्यांना ते पायरीवर थांबून वाट देत.

बरीच घासाघीस होऊन दादाने अट घातली. महिन्याने तो येईल. त्याच्या देखत बाबांनी, कुणाच्याही मदतीशिवाय, आपल्या फोनवर योग्य डॉक्टरांची योग्य तारखेची वेळ घ्यायची. घेतली तर राहा. नाही तर सामान बांधा.

“ही काय परीक्षा आहे का?” धाकटी म्हणाली.

“चाचणी,” दादाने दुरुस्ती केली.

*

पहिल्या रविवारी धाकटी ऑफिसचा टॅब घेऊन बाबांकडे गेली. नवी आवृत्ती अजून बाहेर पडायची होती, ती फक्त त्या टॅबवर चाले. बाबा खुर्चीत बसले होते, सुजका पाय स्टुलावर.

“हे बघा बाबा. आधीचं पान विरत जातं आणि त्यातून नवं उमटतं.”

बाबांनी पाहिलं. एका क्षणी डॉक्टरांच्या नावांवर तारखा आणि तारखांवर डॉक्टर असं सगळं एकात एक झालं.

“दोन मजले एकाच दारात,” बाबा म्हणाले. “माणूस बाहेर पडायचा कुठे?”

धाकटी हसली, पण ते तिने लिहून घेतलं. मग तिने बाबांना आपलं काम समजावून सांगायचं ठरवलं. इतक्या वर्षांत ते राहूनच गेलं होतं. लेक कॉम्प्युटरचं काहीतरी करते, एवढ्यावर दोघांचं भागलं होतं.

“म्हणजे असं, की पान एकच आहे. ते जागचं हलत नाही. आत काय दिसायचं ते बदलतं. तुम्हाला वाटतं, तुम्ही कुठेतरी गेलात.”

बाबांनी बशीतलं बिस्किट उचललं.

“अगं, मग ही लिफ्टच की!”

“लिफ्ट?”

“डबा एकच. माणूस उभा तो उभाच. दार उघडलं की समोर वेगळं. एवढं सोपं काम करतेस होय तू? मला वाटलं, काही अवघड असेल.”

धाकटीच्या चौदा वर्षांच्या नोकरीचं इतकं थोडक्यात मूल्यमापन कधी झालं नव्हतं. तिला उगाचच बरं वाटलं.

“माझ्या शेवटच्या वर्षी नवी लिफ्ट बसवली,” बाबा पुढे म्हणाले. “बटणाची. इतकी मऊ, की हललेली कळायची नाही. लोक आत शिरायचे, दार लागायचं, दार उघडायचं, आणि बाळ बघायला आलेले लोक मिठाईचा पुडा घेऊन हाडांच्या वॉर्डात. एकाने तर प्लास्टरवाल्याचं अभिनंदन केलं. त्यांची काय चूक? पोटात थोडं हललं पाहिजे गं. वर चाललो की खाली, हे आधी पोटाला कळतं. डोक्याला मागाहून.”

धाकटीने वही बंद केली. महिनाभर ती इंटरनेटवर जे शोधत होती ते खुर्चीत बसून बिस्किट खात होतं.

*

दुसऱ्या रविवारी पान विरत नव्हतं, सरकत होतं. पुढे जायचं असेल तर उजवीकडून यायचं, मागे फिरलं तर डावीकडून. महिना बदलला की मात्र आडवं नाही, उभं, खालून वर.

“झोप लागली मला मधे,” बाबा म्हणाले.

पाऊण सेकंद जास्त होत होता. धाकटीने अर्धा केला, मग पाव.

“आता नीट आहे. पण थांबतं कसं बघ. धाडकन. असं थांबवलं असतं ना, तर पहिल्याच आठवड्यात घरी बसवलं असतं मला. शेवटी सावकाश.”

“किती सावकाश?”

बाबांनी उजवा तळहात आडवा धरला आणि हवेतून वर नेला. आधी भरकन, मग शेवटच्या वितीत दम खात, आणि अगदी वर आल्यावर असा अलगद टेकवला, की जणू त्या हातावर कुणी बाळंतीण झोपलेली असावी. धाकटीने तो हात आपल्या फोनवर चित्रित केला. “पुन्हा करा.” बाबांनी पुन्हा केला. तिने सात वेळा करवून घेतला. अशा गतीची एक वक्र रेषा असते, तिचे चार आकडे कोडात लिहावे लागतात. धाकटीने ते आकडे दर वेळी कुठून तरी उचलले होते. या वेळी मात्र चित्रफीत थांबवत थांबवत, पट्टी लावून, हाताची उंची मोजून काढले. कोडात त्या रेषेला नाव द्यावं लागतं. तिने ‘बाबा’ असं दिलं. मग कुणी विचारलं तर पंचाईत नको म्हणून ‘लिफ्ट’ केलं.

आणखी एक काम तिने त्याच आठवड्यात केलं. काही लोकांना पडद्यावरच्या हालचालीने गरगरतं. अशांच्या फोनमध्ये एक बटण असतं, ‘हालचाल कमी’. ते चालू असेल तर पान सरकू नये, जसं आहे तसं झटकन बदलावं, यासाठी तिने चार ओळी लिहिल्या. मॅनेजर बाई म्हणाल्या, एवढ्याशा लोकांसाठी कशाला? त्यावर धाकटी जरा वरच्या पट्टीत बोलली. ज्याला त्रास होतो त्याच्यावर आपली हौस लादायची नाही, हा सभ्यतेचा प्रश्न आहे, वगैरे. चार ओळी राहिल्या.

तिसऱ्या रविवारी बाबांना एक खोड लागली. पान आलं की ते मोठ्याने पुकारायला लागले.

“तळमजला, डॉक्टर. गुडघेवाले.” टक. “पहिला मजला, महिना.” टक. “पहिलाच मजला अजून, पुढचा महिना.” टक. “दुसरा मजला, तारीख.”

“बाबा, पुकारायची गरज नाही. सरकताना दिसतंय ना?”

“दिसतंय. छान दिसतंय.”

“मग?”

“सवय आहे. दार उघडलं की समोरची पाटी वाचायची आणि मग पुकारायचं. अंदाजाने पुकारलेलं साहेबांना चालायचं नाही.”

“इथे साहेब कुठायत?”

“तू आहेस की,” बाबा म्हणाले, आणि तिसऱ्या मजल्यावर वेळ घेऊन चौथ्यावर पक्कं केलं. “सावकाश उतरा.”

चौथ्या रविवारी त्यांनी एकदाही चूक केली नाही. धाकटी घरी जाताना बावीस पायऱ्या जवळजवळ उड्या मारत उतरली. पाव सेकंदाने एक माणूस आपल्या घरात राहू शकतो, हे बैठकीत सांगायला काय मजा येईल, असं तिच्या मनात येत होतं.

*

चाचणीच्या दिवशी दादा फळ्यासकट आला. हातातल्या त्या छोट्या फळ्याला चिमट्याने कागद अडकवलेला होता आणि कागदावर पाच चौकोन होते. नवी आवृत्ती दोन दिवसांपूर्वीच बाहेर पडली होती.

“टॅब नको,” दादा म्हणाला. “रोजचाच फोन. आणि तू तिकडे दाराजवळ बस. पडद्याकडे बघायचं नाही, खाणाखुणा नाहीत, खोकणं नाही.”

“मला सर्दी झालीय.”

“मग बाहेर बस.”

धाकटीने सर्दी आवरली. दाराजवळच्या खुर्चीतून तिला बाबांचा फोन पाठमोरा दिसत होता, आणि त्यामागे बाबांचं तोंड. त्यांनी आजही इस्त्रीचा शर्ट घातला होता. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांची तपासणी दर वर्षी व्हायची, तेव्हाही ते असेच बसत असतील, ताठ, हनुवटी किंचित वर. फक्त आज तपासनीस त्यांचाच मुलगा होता. आणि आज नापास झाले असते, तर जाणार होती ती नोकरी नव्हती, खिडकीशेजारची खुर्ची होती.

“करा सुरुवात,” दादा म्हणाला. त्याचा आवाज जरा बसलेला होता. बॉयलरशी बोलताना तो तसा बसत नसे.

बाबांनी बोट लावलं. काही क्षण ते नुसते बघत राहिले. मग त्यांचे ओठ हलले. आवाज नाही, पण ती शब्द ओळखत होती. तळमजला, डॉक्टर. बोट. थांबणं. पहिला मजला, महिना. बोट. इथे ते जास्तच वेळ थांबले, मान पुढे नेली, डोळे बारीक केले, आणि दादाचं पेन कागदावर टेकलं.

“पहिलाच मजला अजून,” बाबा या वेळी मोठ्याने म्हणाले. “पुढचा महिना.”

“काय म्हणालात?”

“तुला नाही. वर जाणाऱ्यांना.”

दुसरा, तिसरा, चौथा. मग त्यांनी फोन दादापुढे धरला. गुडघ्याचे डॉक्टर, पुढच्या महिन्याची बारा तारीख, सकाळी दहा, पक्कं.

दादाने वाचलं. पुन्हा वाचलं. पाचही चौकोनांत खुणा केल्या, खाली सही केली, मग फळा उलटा करून टेबलावर ठेवला. “ती खोली,” तो म्हणाला, “तशीही अंधारीच आहे.”

“चौदाव्या मजल्यावर?” धाकटी म्हणाली.

“तू गप्प बस. सर्दी झालीय ना तुला?”

बाबा म्हणाले, “चहा टाका कुणीतरी,” आणि दादा लगबगीने स्वयंपाकघरात गेला. चहा करणं हे तपासनिसाचं काम नाही, पण नाक पुसायला ती जागा बरी होती.

*

धाकटीने बाबांचा फोन उचलला. चार रविवार जे घडवलं ते बाबांच्या फोनवर एकदा सरकताना बघायचं, एवढीच तिची इच्छा होती. तिने बोट लावलं.

पान झटकन बदललं. सरकलं नाही.

तिने मागचं बटण दाबलं. झटकन. महिना बदलून बघितला. झटकन. तिने आपला फोन काढला. त्यावर पान बाबांच्या तळहातासारखं येत होतं, शेवटी दम खात. पुन्हा बाबांचा फोन. झटकन.

मग तिला संशय आला, आणि तिने सेटिंग उघडलं. ‘हालचाल कमी’, चालू.

दोन वर्षांपूर्वी बाबांना आठ दिवस चक्कर येत होती. तेव्हा हे बटण कुणीतरी चालू करून दिलं होतं, आणि बजावलं होतं, “हे असू दे बाबा, बंद करू नका.” तो आवाज धाकटीला आता स्वच्छ आठवला. तिचाच होता.

“बाबा,” ती हळूच म्हणाली. “मघाशी पान सरकताना दिसलं तुम्हाला?”

“नाही.”

“मग तुम्हाला कळलं कसं, की बदललं?”

“पाटी वाचली. पुकारलं. या फोनवर काही ते सरकत नाही. परवाच बघून ठेवलं होतं मी.”

“परवा? मग मला फोन करून सांगितलं का नाहीत?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“आणि पुकारून सगळं जमतच होतं, तर चौथ्या रविवारपर्यंत टॅबवर काय करत होतात? सात-सात वेळा हात काय वर नेत होतात?”

बाबांनी स्टुलावरचा पाय जरा हलवला, गुडघ्यावरून हात फिरवला.

“तू विचारत होतीस ना,” ते म्हणाले. “चौतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, लिफ्ट कशी थांबवता म्हणून.”

आत कपबशा वाजल्या. धाकटीचं बोट त्या बटणापाशी थोडा वेळ थांबलं. बंद केलं असतं तर पान सरकलं असतं. मग तिने फोन तसाच मिटून बाबांच्या खिशात ठेवला.

“पुढच्या रविवारी येऊ का?” तिने विचारलं. “ते दाराचं राहिलंय. जाळीचं दार लावताना हात कसा असायचा?”

“ये की,” बाबा म्हणाले. “ते जरा अवघड आहे. दोनतीन रविवार लागतील.”

दादा चहा घेऊन आला. साखर विसरला होता. तिघांनी तो तसाच प्यायला.

पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला दवाखान्यातून बाबांना फोन आला. गुडघ्याचे डॉक्टर बारा तारखेला रजेवर असणार होते.